भराभर वाढणारी उंची: काळजी कधी आणि कशाची

जूनमध्ये गणवेश शिवताना शिंप्याला सांगून पँटला चार बोटं माया ठेवलेली असते. गणपतीत ती उसवून पँट खाली सोडावी लागते आणि दिवाळीनंतर पुन्हा घोटे दिसू लागतात. बूट तर त्याच्याही आधी पायाला चावू लागलेले असतात. बारा-चौदा वर्षांची मुलं असलेल्या घरात असं एखादं वर्ष येतंच. सुरुवातीला कौतुक असतं. आजी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते, पाहुणे ‘केवढा झाला!’ म्हणतात. मग काळजी सुरू होते. इतक्या वेगानं वाढणं बरं का? गुडघे दुखतात म्हणतो, हाडं कच्ची तर राहत नसतील? प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली, अंगात रक्त कमी आहे का? आणि मुलगी असेल तर आणखी एक काळजी, हळू आवाजात बोलली जाणारी: ही आणखी वाढली तर हिच्या जोडीला मुलगा कुठून शोधायचा?

यातल्या बऱ्याच शंकांना नेमकी उत्तरं आहेत. वाढीचा वेग हा सहसा रोग नसतो. तो कोणत्या वयात आला आणि वयात येण्याच्या बाकीच्या खुणांशी त्याचा मेळ बसतो का, हे पाहायचं असतं. त्यात एक विसंगती अशी की ज्या वाढीची खरोखर चौकशी व्हायला हवी, तिचंच पुष्कळ घरांत कौतुक चाललेलं असतं. त्याकडे पुढे येऊ. आधी नेहमीची वाढ कशी होते ते पाहू.

माणसाच्या वाढीची सर्वांत जुनी सलग नोंद फ्रान्समधली आहे. फिलिबेर गेनो द माँबेयार या सरदारानं १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली आणि हा नेम अठरा वर्षं पाळला. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ते आकडे आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत १७७७ मध्ये छापले. मूल हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त वाढतं, हेही ब्यूफाँ यांनी त्यावरून टिपून ठेवलं. या आकड्यांवरून काढलेला वेगाचा आलेख आजही वैद्यकाच्या पुस्तकांत असतो. जन्मानंतर सुसाट असलेला वेग सतत उतरत जातो, बाराव्या वर्षाच्या सुमारास तळाशी येतो आणि मग एकदम उसळून चौदाव्या वर्षाच्या आसपास वर्षाला सुमारे १२ सेंटिमीटरवर पोहोचतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तो जवळजवळ शून्यावर येतो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाची ही उसळी आजच्या कुठल्याही घरात ओळखीची वाटेल.

एका मुलावरून नियम मांडता येत नाही. तो मांडला गेला तो इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या हार्पेंडन गावातल्या एका बालगृहात. तिथल्या मुलांची मोजमापं १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७१ पर्यंत घेतली गेली. वयात येणाऱ्या मुलांची तर दर तीन महिन्यांनी. जेम्स टॅनर हे बालवाढीचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी रेजिनाल्ड व्हाइटहाउस यांनी त्यातून मुलगे आणि मुली कोणत्या क्रमानं वयात येतात ते टप्पे ठरवले. आजही डॉक्टर कागदावर ‘टॅनर २’, ‘टॅनर ३’ असं लिहितात ते याच कामातून आलेलं आहे.

आकडे असे. पहिल्या वर्षी बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं. शाळेच्या वयात हा वेग वर्षाला ५-६ सेंटिमीटरवर स्थिरावतो आणि वयात येण्याच्या अगदी आधी आणखी थोडा मंदावतो. मग उसळी येते. मुलींमध्ये ती ९-१० वर्षांच्या सुमारास सुरू होते आणि ११-१२ व्या वर्षी तिचा कळस होतो. तेव्हा वेग वर्षाला ८-९ सेंटिमीटर असतो. मुलग्यांची उसळी साधारण दोन वर्षं उशिरा येते आणि कळसाला वर्षाला ९-१० सेंटिमीटरपर्यंत जाते. काही मुलगे १२ सेंटिमीटरही गाठतात आणि तेही पूर्ण निरोगी असतात. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाचा फोटो पाहिला तर मागच्या रांगेत मुली दिसतात आणि दहावीच्या फोटोत चित्र उलटं होतं. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या सरासरी उंचीत सुमारे १३ सेंटिमीटरचा फरक पडतो, त्याचं मोठं कारण हेच. मुलग्यांना लहानपणाच्या संथ वाढीची दोन वर्षं जास्तीची मिळतात आणि वर उसळीही मोठी असते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आयांना माहीत असली तर बरीच धास्ती कमी होईल. उंचीची उसळी आधी येते आणि पाळी नंतर. पाळी सुरू होते तेव्हा वेग उतरणीला लागलेला असतो. ‘पाळी आली की उंची थांबते’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य अर्धवट खरं आहे. पाळीनंतरही सरासरी ५ ते ७ सेंटिमीटर वाढ होते, फक्त ती सावकाश होते. मुलग्यांमध्ये मात्र उसळी तुलनेनं उशिरा येते. शरीराच्या इतर खुणा दिसू लागल्यानंतर वर्ष-दीड वर्षानं ती जोर धरते, आणि आवाज फुटणं, मिसरूड येणं तिच्या मागेपुढे चालू असतं.

ही वाढ होते कुठे? हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. त्यातल्या पेशी पोळ्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. एका बाजूला नव्या पेशी तयार होत राहतात, दुसऱ्या बाजूच्या फुगून मोठ्या होतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड भरतं. पिट्युटरी ग्रंथीतून येणारं वाढीचं संप्रेरक या कामाला गती देतं. रात्रीच्या गाढ झोपेत त्याचा सर्वांत मोठा लोंढा येतो. थायरॉइडचं संप्रेरक लागतं, पुरेसं अन्न लागतं आणि वयात येताना स्त्री-पुरुष संप्रेरकांची भर पडते.

थांबण्याची गोष्ट जास्त रंजक आहे. मुलग्यांची वाढ पुरुषी संप्रेरकामुळे थांबते असं कोणालाही वाटेल. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती. त्याच्या हाडांचं वय पंधरा वर्षांच्या मुलाइतकं भरलं. पुरुषी संप्रेरक त्याच्या अंगात पुरेसं होतं. पण एका जनुकातल्या दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनची खूण ओळखता येत नव्हती. त्यावरून स्पष्ट झालं की मुलगा असो वा मुलगी, ग्रोथ प्लेट बंद करण्याचं काम इस्ट्रोजेनचं. मुलग्यांच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनपासून बनतं. थोड्या प्रमाणात असताना हेच इस्ट्रोजेन वाढीला जोर देतं आणि पातळी चढत गेली की दार लावून घेतं. पुढे जे येणार आहे ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

उसळीच्या काळात शरीर सगळीकडून एकदम वाढत नाही. आधी हात-पाय, म्हणजे पंजे आणि पावलं. म्हणून उंचीच्या आधी बुटांचा नंबर बदलतो, आणि पावलांची वाढ थांबतेही सर्वांत आधी. मग नडग्या, मांड्या आणि सर्वांत शेवटी धड. पाय लांबलेले, धड अजून लहान, खांदे अरुंद, असा बारा-चौदाचा मुलगा किडकिडीत दिसतो आणि घरचे म्हणतात, ‘खातो एवढं, जातं कुठे?’ वजन आणि स्नायूंची ताकद उंचीच्या मागून येते. हाता-पायांची लांबी बदलली, पण मेंदूतला अंदाज अजून जुनाच, त्यामुळे ग्लास पडतात, दाराच्या चौकटीला कोपर लागतं. त्याला धांदरट म्हणून ओरडा बसतो. तो अन्याय आहे असं मला वाटतं.

हाडांच्या ठिसूळपणाच्या शंकेत मात्र तथ्य आहे. हाड आधी लांबतं आणि त्यात खनिज भरण्याचं काम काही महिने मागे राहतं. त्या मधल्या काळात हाड तात्पुरतं कमकुवत असतं, आणि मनगटाजवळ हात मोडण्याचं प्रमाण याच वयात सर्वांत जास्त दिसतं. सायकलवरून पडून, हात टेकून मोडलेलं मनगट हा या वयाचा नेहमीचा अपघात आहे. पण हीच वर्षं हाडांच्या कमाईचीही आहेत. उंचीच्या कळसाच्या मागची-पुढची मिळून दोन वर्षं घेतली, तर प्रौढ हाडातल्या एकूण खनिजाचा जवळजवळ चौथा हिस्सा तेवढ्यातच जमा होतो. या काळात मुलाला खेळापासून दूर ठेवणं हा उलटा उपाय आहे. धावणं, उड्या मारणं, मल्लखांब, खो-खो यांचा भार हाडावर पडतो तेव्हाच हाड भरतं. जपायचं असतं ते एकाच हालचालीच्या अतिरेकाला. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या कमरेच्या मणक्यांना बारीक तडे जातात, ते याच काळात रोज वाजवीपेक्षा जास्त चेंडू टाकल्यामुळे.

क्रिकेटवरून आठवलं. भारतीय क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील मुलग्यांच्या स्पर्धांसाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय पाहतं. ती टीडब्ल्यू-३ नावाची पद्धत टॅनर आणि व्हाइटहाउस यांचीच. मनगटातली हाडं किती तयार झाली आणि ग्रोथ प्लेट किती उघडी आहे यावरून ते वय ठरतं. तोच एक्स-रे वाढीच्या तक्रारीसाठी डॉक्टरही काढायला सांगतात. जन्मतारखेचं वय आणि हाडाचं वय यांत दोन वर्षांहून अधिक तफावत असेल तर पुढचे प्रश्न विचारले जातात.

दुखण्यांकडे वळू, कारण पालकांना दवाखान्यात आणणारी बहुतेक वेळा तीच असतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला एक टणक उंचवटा येतो, उड्या मारताना आणि जिना चढताना तो दुखतो, टेकून बसलं तर कळ येते. हा ऑसगुड-श्लॅटर विकार. १९०३ मध्ये बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिचचे श्लॅटर यांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. मांडीचा स्नायू वाढत्या हाडाला जिथे चिकटतो तिथे सतत ओढ बसून हे होतं. टाचेलाही असंच दुखणं होतं. खेळ कमी करणं, बर्फाचा शेक, मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम, आणि धीर. वाढ पुरी झाली की दुखणंही संपतं.

‘वाढीमुळे पाय दुखतात’ असं म्हणून आपण रात्री तेल चोळतो ते दुखणं वेगळं. ते बहुधा तीन ते बारा वर्षांच्या मुलांना होतं, म्हणजे उसळीच्या आधी. दोन्ही पाय दुखतात, संध्याकाळी किंवा रात्री दुखतात, आणि सकाळी मूल काहीच झालं नसल्यासारखं पळतं. ते निरुपद्रवी आहे. या नावाखाली दुसरं काही झाकलं जात नाही ना, याकडे मात्र लक्ष हवं. एकाच पायाचं, एकाच जागेचं दुखणं आठवड्यामागून आठवडे टिकलं, सूज किंवा गाठ दिसली, ताप आला, वजन उतरू लागलं, मूल लंगडू लागलं, तर तेल बाजूला ठेवून एक्स-रे काढायला हवा. हाडाचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण त्याचं वय हेच आणि जागा पुष्कळदा गुडघ्याजवळचीच. आणखी एक फसवं दुखणं खुब्याचं. मांडीच्या हाडाचं गोल टोक ग्रोथ प्लेटवरून घसरतं. वजनदार किशोरवयीन मुलांमध्ये हे अधिक होतं. दुखतं मात्र गुडघ्यात. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो, सगळे निश्चिंत होतात आणि खुबा घसरत राहतो. लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासला का, हे पालकांनी विचारायला संकोचू नये. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि तीही लवकर.

पाठीकडेही एकदा पाहावं. मुलाला पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगायचं आणि मागे उभं राहून पाहायचं. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर कणा वळत असण्याची शक्यता असते. शंभरातल्या दोन-तीन किशोरवयीन मुलांत असा बाक सापडतो. मोठा बाक मुलींमध्ये अधिक, आणि तो वाढतो तोही उसळीच्या काळातच. वेळेवर लावलेल्या पट्ट्यानं पुष्कळांची शस्त्रक्रिया टळते. कमरेच्या वर पाठीवर आडवे, लालसर पट्टे उमटलेले पाहून काही पालक हादरतात, कोणी मारलं की काय असं वाटतं. ते त्वचा ताणल्याच्या खुणा आहेत, काही वर्षांत फिक्या होतात. प्रार्थनेला बराच वेळ उभं राहून येणारी चक्कर लांबट, सडपातळ मुलांत नेहमीची. सकाळी उपाशी शाळेत न जाणं आणि पाणी पुरेसं पिणं यानं ती बहुधा थांबते. धावताना आलेली भोवळ किंवा शुद्ध हरपणं मात्र कधीही साधं समजायचं नाही.

आता त्या कौतुकाच्या वाढीकडे. सात-साडेसात वर्षांची मुलगी दुसरीच्या वर्गात सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच दिसते. घरचे खूश असतात. आईवडील बुटके, तर जास्तच. वाढदिवसाला आलेले पाहुणे म्हणतात, ‘आजोबांवर गेली.’ तिच्या छातीत गाठ जाणवते असं ती सांगते, तेव्हा कुठे आई दचकते. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलग्यांमध्ये नऊ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर ते अकाली समजतात. ही मुलगी आज उंच आहे, कारण तिची उसळी चार वर्षं आधी आली. पण इस्ट्रोजेनही चार वर्षं आधी चढलं आहे आणि ते ग्रोथ प्लेट बंद करायला लागलं आहे. दहा-अकराव्या वर्षी तिची वाढ संपेल, तेव्हा मागे राहिलेल्या मैत्रिणींची नुकती सुरू झालेली असेल. वर्गात सर्वांत उंच असलेली मुलगी शेवटी सर्वांत बुटकी ठरते ती अशी.

लवकर कळलं तर यावर उपाय आहे. वयात येण्याचा मेंदूकडून सुटणारा आदेश काही काळ थोपवणारी इंजेक्शनं दरमहा किंवा तीन महिन्यांनी देतात. योग्य वय आलं की ती बंद करतात आणि वयात येणं पुन्हा आपल्या गतीनं सुरू होतं. मुलींमध्ये बहुतेक वेळा मागे काही विशेष कारण सापडत नाही. मुलग्यांमध्ये मात्र मेंदूतली गाठ किंवा अन्य आजार असण्याची शक्यता जास्त, म्हणून आठ वर्षांच्या मुलाला मिसरूड आली तर हसण्यावारी न्यायची नाही. करोनाच्या टाळेबंदीनंतर अशा मुलींची संख्या वाढल्याचं इटलीत दिसलं, तसं पुण्यातल्या डॉक्टरांनीही नोंदवलं. घरात बसून वजन वाढणं, पडद्यासमोरचे तास, झोपेचा बिघाड, ताण यांतलं नेमकं काय आणि किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. जास्त वजन आणि लवकर वयात येणं यांचा मुलींमधला संबंध मात्र खूप अभ्यासांत पुन:पुन्हा आढळला आहे.

उलट बाजूला काही मोजके आजार आहेत, ज्यांत मूल त्याच्या घराण्याला न शोभेल इतकं उंच होतं. मार्फान सिंड्रोम त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. सुमारे पाच हजारांत एकाला असणारा हा दोष ऊतींना बळकटी देणाऱ्या फिब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकात असतो. हातपाय लांब, बोटं सडपातळ, दोन्ही हात पसरल्यावर भरणारं अंतर उंचीपेक्षा जास्त, छातीचं हाड आत गेलेलं किंवा पुढे आलेलं, नजर खूप कमजोर. धोका असतो तो हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला. ती हळूहळू फुगत जाते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात होती. सहा फूट पाच इंच उंची हेच तिचं बळ. १९८६ च्या जानेवारीत जपानमध्ये एका सामन्यादरम्यान ती कोसळली आणि गेली. वय ३१. तिला मार्फान होतं हे शवविच्छेदनानंतर कळलं. त्यामुळे तिच्या भावाची तपासणी झाली आणि शस्त्रक्रियेनं तो वाचला. अशा ठेवणीच्या मुलाचा एक इकोकार्डिओग्राम काढून घ्यावा, विशेषतः घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर.

क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलग्याला एक एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं. पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकाला. पाय लांब, पण वयात येणं अपुरं राहतं. पुष्कळांना ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं. थायरॉइड जास्त काम करू लागलं तरी उंचीचा वेग वाढतो. त्यात वजन उतरतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं. पिट्युटरीतल्या गाठीमुळे येणारी राक्षसी वाढ अतिशय दुर्मीळ. अमेरिकेतला रॉबर्ट वॉडलो २७२ सेंटिमीटरपर्यंत वाढला आणि १९४० मध्ये बाविसाव्या वर्षी वारला. आज त्या गाठीवर शस्त्रक्रिया आणि औषधं दोन्ही आहेत. तेव्हा वयात येण्याच्या खुणा नसताना वेग वाढणं, डोकेदुखी, नजरेच्या कडा अंधुक होणं, सतरा-अठराव्या वर्षानंतरही न थांबणारी वाढ, यांतलं काही दिसलं तर हार्मोन्सच्या तज्ज्ञाकडे जावं.

उंच मुलींच्या काळजीनं काय घडलं, हा इतिहास मराठी आईवडिलांना माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत काही डॉक्टर पूर्ण निरोगी मुलींना मोठ्या मात्रेत इस्ट्रोजेन देऊ लागले. कल्पना सरळ होती, ग्रोथ प्लेट लवकर बंद करायच्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे बालरोगतज्ज्ञ नॉर्मन वेटनहॉल यांनी १९५९ पासून हे उपचार केले, युरोपातही ते पसरले. मनगटाच्या एक्स-रेवरून भावी उंचीचा अंदाज घ्यायचा आणि तो साधारण पाच फूट दहा इंचांच्या आसपास किंवा पुढे गेला की गोळ्या सुरू. कित्येक मुलींना दिलेलं औषध होतं स्टिलबेस्ट्रॉल. तेच औषध गरोदरपणी घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींना योनीचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७१ मध्ये उघड झालं. आणि हे सगळं कशासाठी? लग्न जमणार नाही, मापाचे कपडे मिळणार नाहीत, नाचायला जोडीदार मिळणार नाही.

१९५९ ते १९९३ या काळात ऑस्ट्रेलियात उंचीसाठी तपासलेल्या स्त्रियांना पुढे शोधून काढण्यात आलं. गोळ्या घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांतल्या. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. गोळ्या घेतलेल्यांना वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न जाण्याचं प्रमाण न घेतलेल्यांच्या जवळपास पावणेदोन पट होतं. आणि ज्यांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना त्या न घेतल्याचं समाधानच होतं. ज्या लग्नाच्या आणि संसाराच्या काळजीनं आईवडिलांनी गोळ्या दिल्या, त्याच संसारात त्या गोळ्यांनी अडथळा आणला. आपल्याकडे असे उपचार सरसकट झाले नाहीत, पण पोक काढून चालणाऱ्या, पायात सपाट चप्पलच घालणाऱ्या, फोटोत गुडघे वाकवून उभ्या राहणाऱ्या मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘बस कर आता वाढणं’ हे वाक्य थट्टेतलं असलं तरी बारा वर्षांची मुलगी ते खरं मानते. ते घरात कोणी उच्चारू नये.

घरी काय करायचं? मोजायचं, पण नीट. सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात फुगतात. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला, अनवाणी, टाचा-नितंब-खांदे भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून, डोक्यावर सपाट पुस्तक किंवा गुण्या धरून खूण करायची. दर सहा महिन्यांनी पुरे. दर आठवड्याला मोजल्यानं काही कळत नाही आणि मूल कानकोंडं होतं. आकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर मांडायचे. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी तो बनवला आहे आणि त्या कामात पुण्याच्या वामन आणि अनुराधा खाडिलकर या डॉक्टरांचा पुढाकार होता. एकच बिंदू फारसं काही सांगत नाही. मूल आपली रेष धरून चाललंय की दोन रेषा ओलांडून वर किंवा खाली गेलंय, हे पाहायचं.

आईवडिलांच्या उंचीवरून अपेक्षित उंचीही काढता येते. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि दोननं भागायचं. वडील १७० आणि आई १५५ सेंटिमीटर असेल तर मुलासाठी १६९ आणि मुलीसाठी १५६. यात साधारण ८ सेंटिमीटर इकडेतिकडे धरायचे. आईवडिलांना लहानपणी पुरेसं खायला मिळालं नसेल, तर मुलं या हिशोबाच्या वर जातात आणि त्यात चिंतेचं काही नसतं.

जेवणाचं म्हणाल तर या वयात भूक वाढते ती खरी असते. चार वाजता शाळेतून आल्यावर बिस्किटांच्या पुड्याऐवजी भाकरी-पिठलं, उसळ-पोळी, अंडं, दही-पोहे असं काही मिळालं पाहिजे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा कोकणातली आणि घाटावरची नाचणीची भाकरी, आंबील, लाडू यांचं मोल मोठं आहे. तीळ, दूध, दही, पालेभाज्या, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतूनही ते मिळतं. रक्ताची शंका तर रास्तच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयातल्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. म्हणून शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी टाळू नये. मळमळतं म्हणून मुली ती टाकून देतात, पण जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो.

उंची वाढवण्याच्या पावडरी, तेलं, गोळ्या यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. पुरेसं जेवणाऱ्या मुलाची हाडं त्यांनी लांबत नाहीत. बारला लोंबकळल्यानं पाठ मोकळी होते, उंची वाढत नाही. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं ठरावीक आजारांसाठीच आहेत आणि ती तज्ज्ञानंच द्यायची असतात.

डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर सोबत मागच्या नोंदी न्याव्यात. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावरचे जुने आकडे, लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या उंच्या, सगळं उपयोगी पडतं. आईला पाळी कितव्या वर्षी आली आणि वडील कोणत्या इयत्तेत वाढले हे आठवून ठेवावं, कारण वाढीची वेळ बहुधा घराण्यातून येते. ‘मी दहावीनंतर वाढलो’ ही वडिलांची माहिती कधी कधी रक्ताच्या चार तपासण्या वाचवते. आणि तपासणीच्या खोलीत मुलाला किंवा मुलीला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्यानं बोलू द्यावं, तपासणीच्या वेळी कोण सोबत हवं हेही त्यालाच किंवा तिलाच विचारावं. आपल्या शरीराबद्दलचे काही प्रश्न या वयात आईवडिलांसमोर विचारता येत नाहीत.